एका जखमेला दोन इंजेक्शनं कशाला?

आरोग्य : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात जखमा आणि इंजेक्शनं हाच विषय जास्त आहे. बागांतून छाटणी, तारा आणि शेणखताची कामं चालू आहेत, तेव्हा नवल नाही. निफाडच्या ताईंचं पत्र मोठं आहे. त्याचं उत्तरही मोठं होणार, म्हणून ते आधी घेतो.

प्रश्न : माझे सासरे 67 वर्षांचे आहेत. खरड छाटणीनंतर आमच्या द्राक्षबागेत जुन्या मांडवाच्या तारा बदलायचं काम चालू होतं. शेणखताच्या ढिगाजवळ पडलेल्या फळीतला खिळा चप्पल फोडून त्यांच्या तळपायात घुसला. घरी हळद दाबून फडकं बांधलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाय सुजला, तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जखम उघडून धुतली आणि एका दंडात धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. दुसरं इंजेक्शन मेडिकलमधून आणायला लावलं, ते बरंच महाग होतं. तेही धनुर्वाताचंच, असं म्हणाले. धाकटे दीर म्हणतात, एकाच रोगाची दोन इंजेक्शनं म्हणजे सरळ लूट. सासूबाई म्हणतात, मला प्रत्येक बाळंतपणात साधंच मिळालं, मला काही झालं नाही. दुसऱ्या इंजेक्शनाची खरंच गरज होती का? आता पुढे काही करायचं का? — एक वाचक भगिनी, निफाड तालुका

उत्तर : ताई, गरज होती. डॉक्टरांनी जे केलं ते अगदी पुस्तकाप्रमाणे केलं. दिरांना हे उत्तर वाचून दाखवा, सासूबाईंनाही बसवा, कारण त्यांच्या बोलण्यात एक फार महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. तिच्याकडे नंतर येतो.

दोन्ही सुया धनुर्वाताच्याच, पण त्यांची कामं निराळी. पहिली लस. पूर्वी टीटी म्हणायचे, आता सरकारी केंद्रात तिच्या जागी टीडी मिळते. तिच्यात धनुर्वाताच्या जंतूचं विष निरुपद्रवी करून घातलेलं असतं. ते ओळखून शरीर स्वतः अँटिबॉडी, म्हणजे विषाला पकडून निकामी करणारी प्रथिनं, बनवायला शिकतं. दुसरं इंजेक्शन म्हणजे तयार अँटिबॉडी. आधी लस घेतलेल्या दात्यांच्या रक्तद्रवातून त्या वेगळ्या काढतात, विषाणू राहू नयेत म्हणून त्यांच्यावर प्रक्रिया करतात आणि कुपीत भरतात. कुपीवर ‘टिटॅनस इम्युनोग्लोब्युलिन’ असं लिहिलेलं असतं, बोलताना आम्ही टीआयजी म्हणतो. बरेच लोक नुसतं सिरम म्हणतात. तुम्ही बागाईतदार आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. लस म्हणजे नवी बाग लावणं : फळ उशिरा येतं, पण पुढची कित्येक वर्षं येत राहतं. सिरम म्हणजे बाजारातून आणलेली पेटी : आज खायला मिळते, संपली की संपली.

पेटी आणायची वेळ का आली, ते आता पाहू. धनुर्वाताचे जंतू माती आणि शेणात बीजाणूंच्या रूपात वर्षानुवर्षं पडून राहतात. खोल, अरुंद जखमेत, जिथे हवा पोहोचत नाही तिथे, ते जागे होतात आणि विष तयार करायला लागतात. तिथून दुखणं दिसायला साधारण 3 ते 21 दिवस लागतात, बहुतेकांना दोन आठवड्यांच्या आत दिसतं. ज्याने आयुष्यात कधीच लस घेतलेली नाही त्याला आज पहिला डोस दिला, तर त्या एका डोसाने उपयोगी पडेल इतकं संरक्षण बहुधा मिळतच नाही. ते दुसऱ्या डोसानंतर येतं, आणि दुसरा डोस चार आठवड्यांनी. म्हणजे खिळा आज लागलेला, विष पंधरवड्यात तयार, आणि शरीराची तयारी दीड महिन्याने. मधले दिवस कोण सांभाळणार? उसन्या अँटिबॉडी. साधारण तीन आठवड्यांत त्या रक्तात निम्म्यावर येतात, पण ऐन धोक्याच्या दिवसांना पुरतात.

दिरांना वाटेल, डॉक्टर लोक भीती घालतात. मग जरा भीती घालतोच. माझ्या इंटर्नशिपच्या काळात सरकारी रुग्णालयात धनुर्वाताच्या रुग्णांची खोली वेगळी असायची. खिडकीला काळा पडदा, दाराच्या बिजागरीत तेल. सिस्टर चपला बाहेर काढून आत जायच्या आणि किल्ल्यांचा जुडगा हातात घट्ट धरायच्या, कारण किल्ल्यांच्या नुसत्या आवाजाने रुग्णाला झटका यायचा. पाठीची कमान, दातखीळ, ओठ दोन्ही बाजूंना ताणलेले. बघणाऱ्याला वाटावं, हसतोय. आणि या सगळ्यात माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, हे लोकांना माहीत नसतं. सरांनी तिथे आम्हाला एक तपासणी शिकवली होती. चपट्या लाकडी पट्टीने घशाच्या मागच्या भिंतीला स्पर्श करायचा. तुम्हा-आम्हाला उमासा येतो आणि तोंड उघडतं. धनुर्वाताच्या रुग्णाचा जबडा उलट पट्टीवर घट्ट मिटतो. माझ्या हातातली पट्टी अशी चावली गेली, तेव्हापासून पायात खिळा गेल्याचं ऐकलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे : आधीचे किती डोस?

अशा वेळी प्रतिजैविकं देतातच, पण ती जंतूला मारतात. बाहेर पडलेल्या विषापुढे त्यांचं काही चालत नाही. हे विष मज्जातंतूंच्या टोकांतून आत शिरतं आणि उलट दिशेने पाठीच्या कण्यापर्यंत चढतं. तिथे स्नायूंना ‘आता सैल हो’ असा निरोप देणारी यंत्रणा ते बंद पाडतं. एकदा ते मज्जातंतूत शिरलं की कितीही अँटिबॉडी ओता, त्या तिथे पोहोचत नाहीत. त्या फक्त अजून मोकळं फिरणारं विष पकडतात. आत बसलेल्या विषाचा परिणाम ओसरायला मज्जातंतूंना नवी टोकं फुटावी लागतात. त्यात आठवडे जातात. तोवर झोपेची औषधं, मॅग्नेशियम, व्हेंटिलेटर. तो खर्च किती होतो, हे दिरांनी नाशिकच्या कुठल्याही आयसीयूत विचारून यावं आणि मग त्या महागड्या कुपीची पावती पुन्हा बघावी.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्यांना प्रत्येक बाळंतपणात टीटी मिळाली. म्हणजे त्यांचे बरेच डोस झालेले आहेत, त्यांच्या अंगात शिकलेल्या पेशी आहेत. हाच खिळा त्यांना लागला असता, तर एक टीडी बहुधा पुरली असती आणि सिरमची गरज पडली नसती. सासऱ्यांना कोणी कधी डोस दिले? आपल्या देशात लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम 1978 मध्ये सुरू झाला आणि 1985 मध्ये तो सार्वत्रिक झाला. त्याच्या कितीतरी आधी खेड्यात जन्मलेल्या पुरुषाला लहानपणीचे डोस मिळालेले नसतात आणि बाळंतपण त्याच्या वाट्याला येत नाही. शेतात खिळ्या-काट्यात सर्वांत जास्त वावरणारा माणूस घरात सर्वांत उघडा असतो. बायकांची कार्डं जपून ठेवलेली असतात, पुरुषांचं कार्डच नसतं. सैन्यात गेलेले किंवा आधी एखादा अपघात होऊन सगळे डोस पुरे केलेले, एवढेच काय ते अपवाद.

त्यामुळे नियम ‘टीटी घेतली होती का’ असा नाही, ‘एकूण किती घेतल्या आणि शेवटची कधी’ असा आहे. तीन किंवा जास्त डोस झालेले आहेत अशी खात्री असेल, तर सिरम बहुतेक कधीच लागत नाही. मातीची, शेणाची, खोल किंवा चिरडलेली जखम असेल आणि शेवटच्या डोसाला पाच वर्षं उलटून गेली असतील, तर एक टीडी. स्वच्छ, वरवरचा काप असेल तर ही मुदत दहा वर्षं. तीनपेक्षा कमी डोस झालेत किंवा काहीच आठवत नाही, आणि जखम घाणेरडी आहे, तेव्हा मात्र दोन्ही : लस एका हातात, सिरम दुसरीकडे, निराळ्या सिरिंजने. एकाच जागी दिलं तर तयार अँटिबॉडी लसीलाच पकडून बसतील. सिरमचा नेहमीचा डोस 250 युनिट. जखम फार दूषित असेल किंवा 24 तास उलटून गेले असतील, तर 500. तुमच्याकडे एक रात्र आणि एक दिवस गेला होता, तेव्हा कुपीवर 500 असेल तर चकित होऊ नका.

गंजाचा दोष नाही, हे जाता जाता. नवा कोरा चकचकीत खिळा शेणखतात पडलेला असेल, तर तोही तितकाच वाईट. बोरी-बाभळीचा काटाही तसाच. आणि हळद. हळदीवर माझा राग नाही, पण खोल जखमेचं तोंड हळदीने किंवा तंबाखूने बुजवलं की जंतूला हवा तसा बंद कोंडवाडा मिळतो. वाहतं पाणी, साबण, भरपूर वेळ, आणि मग दवाखाना. डॉक्टरांनी जखम उघडून मेलेली कातडी काढली ना? उपचाराचा तोही भाग आहे, सिरमइतकाच.

पुढे काय करायचं : पहिल्या टीडीपासून चार आठवड्यांनी दुसरी, त्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी तिसरी. या दोन सुया प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. बहुतेक लोक नेमकं इथेच थांबतात. पाय बरा झाला, विषय संपला. मग पुढच्या छाटणीला पुन्हा खिळा, पुन्हा महागडी कुपी. येत्या तीन आठवड्यांत सासऱ्यांना जबडा उघडायला जड जाऊ लागलं, घास गिळताना अडकला, मान किंवा पोट लाकडासारखं कडक लागलं, तर वाट न बघता थेट मोठ्या रुग्णालयात जा. तसं होण्याची शक्यता आता फार कमी आहे.

आणि एक. एखाद्याला धनुर्वात होऊन तो वाचला, तरी त्याला लस द्यावी लागते. आजार करायला लागणारं विष इतकं सूक्ष्म असतं की शरीर त्यावरून काही शिकतच नाही. मला हे आजही चमत्कारिक वाटतं.

प्रश्न : मी सातपूरला प्रेस शॉपमध्ये आहे, वय 41. पत्रा लागून हात कापणं आमच्याकडे नेहमीचं आहे. दर वेळी दवाखान्यात टीटी देतात. मागची घेऊन वर्षही झालं नव्हतं. या वेळी दंड कोपरापर्यंत सुजला, लाल झाला, ताप आला. मला टीटीची ॲलर्जी झाली आहे का? — एक कामगार, सातपूर

उत्तर : ॲलर्जी नाही, अजीर्ण म्हणा. तुमच्या रक्तात धनुर्वाताच्या अँटिबॉडी आधीच भरपूर आहेत. त्यात पुन्हा लस टोचली की त्या सगळ्या एकदम टोचल्या जागी धावतात आणि काही तासांत दंड सुजतो. बर्फ, पॅरासिटामॉल, दोन-चार दिवस आराम. ओसरेल.

पण ही सवय मोडायला हवी आणि ती तुमची नाही, आमची आहे. निफाडच्या सासऱ्यांना आयुष्यात एकही डोस नाही आणि तुम्हाला दरवर्षी एक. कापलं की टीटी मारायची, वहीत सही घ्यायची, माणूस परत मशीनवर. आधीच्या तारखा विचारायला अर्धं मिनिट लागतं, तेवढंही कोणी थांबत नाही. मीही औद्योगिक वसाहतीजवळ बरीच वर्षं दवाखाना चालवला आहे, त्यामुळे बाकावर बसलेली रांग आणि सुपरवायझरचे फोन मला ठाऊक आहेत. तरीही.

इतकी मोठी सूज आलेल्याने पुढची दहा वर्षं टीडी घेऊ नये, जखम घाणेरडी असली तरी. कागदावर तारीख लिहून त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि पुढच्या वेळी सुई भरायच्या आत तो दाखवा. ‘कंपनीचा नियम आहे’ असं कोणी म्हणालं, तर डॉक्टरांशी बोलायला सांगा. आणि हातमोजे. पत्र्यासाठी वेगळे मिळतात, कापडी नव्हे.

प्रश्न : माझ्या आजोबांच्या एका भावाला लहानपणी घटसर्प झाला होता आणि ‘घोड्याचं इंजेक्शन’ देऊन तो वाचला, असं घरात सांगतात. खरंच घोड्याचं काही देत असत का? आता देतात का? — एक शिक्षिका, नाशिकरोड

उत्तर : देत असत, आणि घटसर्पाला आजही देतात. (जनावरांना पावसाळ्याआधी घटसर्पाची लस टोचतात तो रोग निराळा, त्याचा माणसांच्या घटसर्पाशी संबंध नाही. शेतकरी वाचकांसाठी एवढं सांगून ठेवतो.)

गोष्ट बर्लिनची. रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत एमिल फॉन बेरिंग आणि जपानहून आलेले शिबासाबुरो कितासातो एकत्र काम करत होते. कितासातोंनी 1889 मध्ये धनुर्वाताचा जंतू शुद्ध रूपात वाढवून दाखवला होता. ज्या प्राण्याला विषाची सवय करून दिली आहे, त्याच्या रक्तातला पाण्यासारखा भाग दुसऱ्या प्राण्याला दिला तर तोही विषापासून वाचतो, असं दोघांनी 1890 मध्ये जाहीर केलं. सशाचं सिरम, उंदीर वाचले. रक्तात असं काही असतं जे एका देहातून दुसऱ्या देहात नेता येतं, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. पुढे 1901 मध्ये वैद्यकाचं पहिलंवहिलं नोबेल बेरिंग यांना मिळालं. कितासातो राहिले. मला विचाराल तर तो अन्यायच.

माणसांसाठी सिरम जास्त लागतं, सशाकडून किती मिळणार? पॅरिसमध्ये एमिल रू यांनी घोडे वापरले. आकाराने मोठा, रक्त भरपूर, स्वभावाने सोसणारा. त्यांनी 1894 मध्ये मुलांच्या रुग्णालयातले निकाल सांगितले, तेव्हा घटसर्पाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. तुमच्या चुलत आजोबांना मिळालं ते याच पद्धतीचं.

आपल्याकडेही ही घोड्यांची परंपरा आहे. सर्पदंशावरचं सिरम आजही घोड्यांपासूनच बनतं. नाशिककरांना त्याचं काम पावसाळ्यात चांगलंच कळतं. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट 1966 मध्ये उभी राहिली ती पूनावाला कुटुंबाच्या घोड्यांच्या पागेतून, आणि सुरुवातीच्या औषधांत धनुर्वाताचं सिरम होतं. कोरोनाच्या लशीमुळे नाव घराघरांत गेलं, पण ‘सीरम’ का, हे फार थोड्यांना माहीत असतं.

घोड्याच्या सिरमला दोन अडचणी. एक म्हणजे ते परक्या प्राण्याचं. काहींना लगेच जोरदार रिॲक्शन येते, काहींना आठवड्या-दीड आठवड्याने ताप, पुरळ, सांधेदुखी. म्हणून आधी थोडंसं टोचून पाहतात आणि ॲड्रेनॅलिन हाताशी ठेवतात. धनुर्वातासाठी घोड्याचं 1500 युनिटचं इंजेक्शन पूर्वी सर्रास देत, त्याची जागा आता माणसाच्या सिरमने घेतली आहे ती यामुळेच. दुसरी अडचण स्वच्छतेची. अमेरिकेत सेंट लुईस शहरात 1901 मध्ये जिम नावाच्या एका निवृत्त घोड्यापासून घटसर्पाचं सिरम काढत. दुधाची गाडी ओढून दमलेला प्राणी. त्यालाच धनुर्वात झाला, आणि तेव्हा काढलेलं सिरम न तपासता वाटलं गेलं. घटसर्पातून वाचवायला दिलेल्या इंजेक्शनाने 13 मुलं धनुर्वाताने गेली. पुढच्याच वर्षी तिथे लशी आणि सिरमवर सरकारी देखरेखीचा कायदा झाला. आज कुपीवर बॅच नंबर असतो, त्याच्या मागे अशी मुलं आहेत.

घटसर्प संपलेला नाही. घशात करडा, चिवट पडदा, ओढला तर रक्त येतं, मान फुगलेली : अशा मुलाला तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता सिरम देतात, आजाराच्या जोराप्रमाणे 20,000 पासून 1,00,000 युनिटपर्यंत. घाई अशासाठी की हेही विषाचंच दुखणं आहे. ते हृदयाच्या स्नायूत शिरलं की परत काढता येत नाही. शिक्षिका आहात, तर एक काम करा. दहा आणि सोळा वर्षांची टीडी तुमच्या विद्यार्थ्यांनी घेतली आहे का, ते विचारा. पाच-सहा वर्षांचा डोस झाला की पालकांना वाटतं, लसीकरण संपलं. टीडीतला ‘डी’ घटसर्पाचाच आहे.

प्रश्न : मी फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रतिजैविकांना जंतू दाद देत नाहीत असं सतत शिकवतात. मग प्रत्येक जंतूविरुद्ध प्रयोगशाळेत अँटिबॉडी बनवून प्रश्न का सुटत नाही? — एक विद्यार्थी, पंचवटी

उत्तर : प्रश्न आवडला. थोडक्यात सांगतो, बाकीचं तुम्ही ग्रंथालयात शोधाल.

प्रतिजैविकं यायच्या आधी हेच चालू होतं. न्यूमोनियाच्या जंतूचे प्रकार ओळखून प्रत्येकाचं निराळं सिरम देत. रुग्णाचा प्रकार आधी शोधायचा, मग त्याच प्रकारचं सिरम. सल्फा आणि पेनिसिलिन आली, प्रकार न बघता चालू लागली, आणि सिरमच्या बाटल्या मागे पडल्या. टिकली ती विषाच्या रोगांतली सिरमं : धनुर्वात, घटसर्प आणि बॉट्युलिझम, म्हणजे बिघडलेल्या अन्नातल्या जंतूच्या विषाने होणारा रोग. कारण तिथे जंतूचं मुख्य हत्यार एकच असतं आणि ते मोकळं फिरतं. एक हत्यार पकडलं की काम झालं.

नव्या काळातलं यशही त्याच वाटेवरचं आहे. काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स, श्वासातून झाली तर अतिशय घातक. अमेरिकेत 2001 मध्ये पत्रांतून तिचे बीजाणू पाठवले गेले, 22 जणांना लागण झाली, 5 जण गेले. त्यानंतर तिथे रॅक्सिबॅक्युमॅब (2012) आणि ओबिलटॉक्साक्सिमॅब (2016) या दोन अँटिबॉडी मंजूर झाल्या. विष पेशीत शिरण्यासाठी ज्या प्रथिनाचा दरवाजा वापरतं, तेच त्या धरून ठेवतात. माणसांना मुद्दाम अँथ्रॅक्स देऊन चाचणी करणं शक्य नाही, म्हणून परिणामाचा पुरावा ससे आणि माकडांवरचा आहे, माणसांवर फक्त सुरक्षितता पाहिली. प्रतिजैविकांच्या जोडीने द्यायच्या, त्यांच्याऐवजी नव्हे.

उलट गळवं करणाऱ्या स्टॅफिलोकोकससारखा जंतू दहा हत्यारं बाळगतो. एक अडवलं तर दुसरं काढतो. त्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडींनी चाचण्यांत अपेक्षेइतकं यश दाखवलेलं नाही. पैशाचीही गोष्ट आहेच. आतड्यात जुलाब घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूच्या विषावरची बेझलोटॉक्सुमॅब ही अँटिबॉडी 2016 मध्ये आली, आजार उलटण्याचं प्रमाण तिने कमी केलं, तरी 2025 च्या सुरुवातीला कंपनीने ती बंद केली. उपयोगी औषध आणि चालणारं औषध या दोन गोष्टी आहेत, हे फार्मसीवाल्यांना मी काय सांगावं.

प्रश्न : मला सातवा महिना चालू आहे. टीडीचे दोन डोस आशाताईंनी दिले. याने बाळाला त्रास होत नाही ना? आणि गावी चुलत सासूबाई म्हणतात, बाळाच्या नाळेवर तूप-हळद लावायची. लावू का? — एक वाचक, सिन्नर

उत्तर : त्रास होत नाही, उलट ही सुई तुमच्यापेक्षा बाळासाठीच जास्त आहे. तुम्ही बनवलेल्या अँटिबॉडी शेवटच्या महिन्यांत वारेतून बाळाकडे जातात. वर निफाडच्या सासऱ्यांना जे कुपीतून विकत घ्यावं लागलं, ते तुमच्या बाळाला पोटातच मिळतंय. सहाव्या आठवड्यापासून त्याच्या स्वतःच्या धनुर्वाताच्या लशी सुरू होतील, तोवर आणि नंतरही काही महिने हे पुरतं. विळ्याने नाळ कापणं आणि तिला शेण-राख लावणं यामुळे पूर्वी जन्मल्यानंतरच्या आठवड्या-पंधरवड्यात बाळं धनुर्वाताने दगावत. आईची सुई आणि दवाखान्यातलं बाळंतपण या दोन गोष्टींनी ते इतकं कमी झालं की 2015 मध्ये भारतातून नवजात धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं. उच्चाटन म्हणजे शून्य नव्हे, नगण्य.

दोन्ही डोसांच्या तारखा कार्डावर लिहून घेतल्यात ना, ते बघा. पुढचं बाळंतपण तीन वर्षांच्या आत झालं, तर एकच बूस्टर लागेल, पण त्याला कार्ड दाखवावं लागेल.

तूप-हळद मात्र सासूबाईंनी वरणात घालावी. नाळेला काहीच लावायचं नाही, पावडरसुद्धा नाही. कोरडी ठेवा, लंगोट नाळेच्या खाली बांधा, आपोआप गळून पडू द्या. बुंध्याशी लाली, पू किंवा वास आला, तर त्याच दिवशी बाळाला दाखवा.